रेणू 'दृढ' असतो की वाटतो?

अकरावीला वायूंचा गत्यात्मक सिद्धान्त शिकवताना एक जागा अशी येते, की तेथून बहुतेक पुस्तके घाईने पुढे सरकतात. एकअणू वायूची मोलर उष्माधारकता दीड आर, द्विअणू वायूची अडीच आर, आणि रेणू कंप पावत असेल तर साडेतीन आर. (आर म्हणजे अर्थातच वायू स्थिरांक.) पण तो कंप पावतो केव्हा? हे विद्यार्थ्याने विचारू नये, अशीच जणू अपेक्षा असते.

या एका प्रश्नासाठी आम्ही एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राची २००६ सालची आवृत्ती पुन्हा वाचली. स्वातंत्र्यकोटी मोजण्याची रीत तिच्यात स्वच्छ मांडली आहे. तक्त्यात कंपने वगळल्याचे सांगितले आहे, आणि क्लोरीन, इथेन अशा वायूंचे प्रत्यक्ष आकडे भाकितापेक्षा जास्त येतात हेही लपवलेले नाही. बाजारातल्या गाइडांत एवढा प्रामाणिकपणा शोधून सापडणार नाही.

अडचण एका उदाहरणाची आहे. ऑक्सिजनचा रेणू मध्यम तापमानाला दृढ मानता येतो, पण कार्बन मोनॉक्साइडसारख्या रेणूंत त्याच तापमानाला कंपनही असते, अशा आशयाचे विधान तेथे आहे. मोजलेले आकडे काय म्हणतात? २५ अंश सेल्सिअसला, स्थिर आकारमानावर, नायट्रोजनची मोलर उष्माधारकता २०.८, कार्बन मोनॉक्साइडची २०.८ आणि ऑक्सिजनची २१.१ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. अडीच आर म्हणजे २०.८ आणि साडेतीन आर म्हणजे २९.१. म्हणजे कंपनाचा किंचित वाटा दिसतो तो ऑक्सिजनमध्ये. कार्बन मोनॉक्साइड तर आदर्श 'दृढ' रेणूसारखा वागतो! पुस्तकावर विसंबून एखाद्या विद्यार्थ्याने गॅमा ९/७ धरून शून्य अंशाला या वायूतील ध्वनीचा वेग काढला, तर उत्तर सेकंदाला ३२३ मीटर येईल. खरा वेग ३३७ च्या आसपास आहे. चूक विद्यार्थ्याची नसेल, गुण मात्र त्याचे जातील.

हे उदाहरण का निवडले गेले असावे? आमचा तर्क असा. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अणू भिन्न असल्यामुळे त्याचे कंपन अवरक्त किरण शोषून घेते. ऑक्सिजन, नायट्रोजन तसे करत नाहीत. पण किरण शोषता येणे वेगळे आणि खोलीच्या तापमानाला, केवळ आपसांतल्या टकरींतून, कंपन सुरू होणे वेगळे.

हा फरक वर्गात असा सांगता येईल. समजा, २५ अंशाला प्रत्येक रेणूच्या खिशात सरासरी १० रुपये आहेत. कंपनाची पहिली पायरी विकत घ्यायची तर आयोडीनला सुमारे १० रुपये पडतात, क्लोरीनला २७, ऑक्सिजनला ७५, कार्बन मोनॉक्साइडला १०४ आणि नायट्रोजनला ११३. उधारी नाही आणि सुटी विक्रीही नाही. पुंज सिद्धान्ताचा सारा कडकपणा या शेवटच्या अटीत आहे. सरासरी १० असली तरी काहींच्या खिशात जास्त असतात, म्हणून ऑक्सिजनच्या सुमारे दोन हजार रेणूंत एखादा कंप पावताना सापडतो. कार्बन मोनॉक्साइडच्या तीस हजारांत जेमतेम एक. क्लोरीनचे गिऱ्हाईक बरेच, म्हणून त्याचा आकडा २५.६. आयोडीनची वाफ तर २८.६ पर्यंत, म्हणजे साडेतीन आरच्या अगदी जवळ पोचते. वायू तापवला की खिसे भरतात. तापमान हे पायरीशी निगडित तापमानाच्या एकतृतीयांश झाले, की कंपनाचा निम्मा वाटा मिळू लागतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी हे सुमारे १००० केल्विनला घडते.

समविभागणीच्या नियमात तापमानाचा असा प्रश्नच उद्भवत नाही, आणि मॅक्सवेलला १८६० सालीच याची टोचणी लागली होती. १९०७ मध्ये आइनस्टाइनने घनपदार्थांसाठी वाट दाखवली. १९१२ मध्ये ऑयकेनने थंड केलेल्या हायड्रोजनची उष्माधारकता सुमारे ६० केल्विनला दीड आरवर उतरलेली मोजली. तेथे परिवलनसुद्धा गोठले होते.

हे कारण पुस्तकाला ठाऊक नाही असे नाही. प्रत्येक स्वातंत्र्यकोटीला किमान काही ऊर्जा लागते, हे तेथे आहे. फक्त ते पाण्याच्या विशिष्ट उष्म्याच्या पाठोपाठ, प्रकरणात पुष्कळ उशिरा येते. 'दृढ' हा शब्द तोपर्यंत वहीत उतरलेला असतो, आणि विद्यार्थी त्याला रेणूचा अंगचा गुण समजून बसलेला असतो. ते वाक्य चार पाने अलीकडे आणावे आणि कार्बन मोनॉक्साइडच्या जागी क्लोरीन लिहावे. नवी आवृत्ती येण्याची वाट न पाहता शिक्षकांना हे पेन्सिलीने आजच करता येईल.