मौलवी इमादुद्दीन यांचें आत्मवृत्त आणि त्यांतील एक वाक्य

धर्मांतराचीं आत्मवृत्तें इतिहासाचीं साधनें म्हणून कशीं वाचावीं, हा प्रश्न आमच्या संशोधकवर्गानें अद्याप नीटसा हातीं घेतलेला दिसत नाहीं. स्वपक्षीय तीं भक्तीनें वाचतात, प्रतिपक्षीय रोषानें वाचतात, आणि संशोधक बहुधा तीं बाजूस ठेवतात. प्रस्तुत लेखांत मौलवी इमादुद्दीन यांच्या ‘वाकिआत-इ-इमादिया’ या लहानशा उर्दू पुस्तकाचें परीक्षण आम्ही केवळ साधन या दृष्टीनें करूं इच्छितों. इस्लाम खरा कीं ख्रिस्ती धर्म खरा, हा वाद येथें अप्रस्तुत होय.

ग्रंथकार पानिपतचे. हें नांव महाराष्ट्रीयांच्या कानीं पडतें तें निराळ्याच कारणानें. परंतु उत्तरेकडे तें गांव सूफी व मौलवी यांच्या घराण्यांसाठींहि प्रसिद्ध आहे. अशाच घराण्यांत जन्मलेले इमादुद्दीन आपले वडील बंधु करीमुद्दीन यांच्या पाठोपाठ विद्येसाठीं आगऱ्यास गेले. १८४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘तबकात-इ-शुअरा-इ-हिंद’ या कविचरित्राचे कर्ते ते हेच करीमुद्दीन. एप्रिल १८५४ मध्यें आगऱ्यास पाद्री फांडर व मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा जो प्रसिद्ध वाद झाला, त्यांत डॉ. वझीरखान हे रहमतुल्लांचे साहाय्यक होते. फांडरच्या ‘मीझान-उल-हक’ या ग्रंथाविरुद्ध मशिदींत प्रवचनें करण्याचें काम याच वझीरखानांनीं इमादुद्दीन यांजकडे सोंपविलें होतें.

वादानें चित्तास स्वस्थता येईना, म्हणून त्यांनीं फकिरी पत्करली. गेरूनें रंगविलेलीं वस्त्रें घालून ते सुमारें २,००० कोस पायीं हिंडले. ईश्वराचें नांव १,२५,००० वेळां लिहून, एकेक नांव कात्रीनें कापून, कणकेच्या गोळींत घालून त्यांनीं तें नदींतील माशांस चारलें. आपल्याकडील रामनामाच्या गोळ्या पाहिलेल्या वाचकास हें अनुष्ठान परकें वाटणार नाहीं. पुढें लाहोरच्या नॉर्मल स्कुलांत शिक्षक असतां, जुने स्नेही सफदर अली हे जबलपुरास १८६४ सालीं ख्रिस्ती झाल्याची वार्ता त्यांस कळली. तिनें अस्वस्थ होऊन ते हेडमास्तर मॅकिंटॉश यांजपाशीं मत्तयाचें शुभवर्तमान वाचूं लागले, आणि ता. २९ एप्रिल १८६६ रोजीं अमृतसरास पाद्री रॉबर्ट क्लार्क यांच्या हातून त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

आतां परीक्षणाकडे वळूं. ग्रंथाचें तात्पर्य ठरविण्यास मीमांसकांनीं उपक्रमोपसंहारादि सहा लिंगें सांगितलीं आहेत. तीं येथें लाविलीं असतां निकाल स्पष्ट लागतो. उपक्रम तळमळीचा आहे, उपसंहार शांतीचा आहे. अभ्यास, म्हणजे पुनरुक्ति, तीहि तळमळीचीच. फल म्हणून चित्ताची स्वस्थता सांगितली असून प्रकृतीहि सुधारली असें नमूद केलें आहे. तेव्हां ‘अशांताला शांति मिळाली’ हेंच ग्रंथाचें तात्पर्य होय, आणि त्यापुरती ग्रंथकाराची साक्ष आम्ही निःशंकपणें ग्राह्य धरतों.

परंतु या शांतीस काय द्यावें लागलें? उपोषणें, जप, भटकंती यांस ग्रंथांत पानेंच्या पानें आहेत. धर्मांतराच्या खर्चास मात्र जवळजवळ एकच वाक्य मिळालें आहे. मित्र, गांवकरी, शिष्य, अनुयायी सारे शत्रु झाले, ते हरप्रकारें दुःख देतात, पण प्रभूंत समाधान असल्यामुळें त्याचें कांहीं वाटत नाहीं, असा त्याचा आशय. पहिल्या वाचनांत आम्ही हें वाक्य सहज ओलांडून गेलों, हें येथें कबूल करणें भाग आहे. दुसऱ्या वाचनांत ‘शिष्य’ या शब्दाशीं आम्ही अडखळलों. ज्यानें उभें आयुष्य मुलांस शिकविण्यांत घालविलें आहे त्यास शिष्य शत्रु होणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. मित्र नवे जोडतां येतात. ज्यांस आपण घडविलें त्यांच्या मनांतून आपलें स्थान गेलें तर तें परत मिळत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, ग्रंथकर्त्यास स्वतःस ज्याचें कांहीं वाटत नाहीं, त्याचा हिशेब परीक्षकानें कां मांडावा? यास उत्तर दोन प्रकारचें. पहिलें काळाचें. बाप्तिस्मा १८६६ चा आणि पुस्तकहि १८६६ चेंच. खर्च नुकता सुरू झाला असतां लिहिलेला जमाखर्च पुरा कसा असणार? आमचे बाबा पदमनजी १८५४ सालीं बेळगांवास ख्रिस्ती झाले, आणि ‘अरुणोदय’ त्यांनीं सुमारें तीन दशकांनीं लिहिला. दोन ग्रंथांची तुलना करितांना हें अंतर विसरतां कामा नये. दुसरें उत्तर असें कीं, ‘मला वाटत नाहीं’ ही साक्ष स्वतःच्या मनापुरती. करीमुद्दीन इस्लामांतच राहिले. धाकट्या भावाच्या वियोगाचें त्यांस काय वाटलें, हें धाकट्यानें त्यांच्या वतीनें सांगूं नये. घरांतील स्त्रियांचे स्वतःचे शब्द तर या पुस्तकांत नाहींतच.

सरकारी दप्तरांतहि ही बाजू सांपडणें कठीण. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतर करणाराचा वारसाहक्क राखला. पंगतींतलें पान राखण्याचा कायदा कोणी करूं शकत नाहीं. जमेची बाजू मात्र ठळक नोंदली गेली आहे. १८८४ सालीं कँटरबरीच्या आर्चबिशपांनीं त्यांस डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी दिली. १८९३ सालीं शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेकरितां धाडलेल्या निबंधांत त्यांनीं आपल्यासारख्या शंभराहून अधिक धर्मांतरितांची यादी दिली. त्या प्रत्येक नांवामागें एक घर होतें, तें यादींत येत नाहीं. १९०० सालीं ते वारले, तोंपर्यंतचा बराच काळ पूर्वीच्या सहकाऱ्यांच्या ग्रंथांस उत्तरें लिहिण्यांत गेला. ही वादग्रंथांची रांगहि आम्ही खर्चाच्याच बाजूस मांडूं; कारण ज्यांच्याशीं बोलणें तुटलें त्यांच्याशीं बोलण्याचा तोच एक मार्ग उरला असावा.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या घरांतून दप्तर उचलतांना छापील वादग्रंथ आपण जपून घेतों आणि घरगुती पत्रें ‘खासगी’ म्हणून टाकून देतों. एका भावाचें दुसऱ्यास गेलेलें, रागानें वा रडत लिहिलेलें पत्र हातीं आलें, तर तें त्या पुस्तकाबरोबरच बांधून ठेवावें. ज्या वाक्यावर ग्रंथकर्ता थांबला, त्याच्या पुढचा मजकूर तेथेंच मिळण्याचा संभव आहे.