अपुऱ्या नाटकाची परीक्षा

नाटकाची पहिली परीक्षा कोणी करावी? पुण्या-मुंबईनें करावी आणि इतर गांवांनीं निकाल मुकाट्यानें मानावा, असा आमच्याकडे संकेतच पडला आहे. परभणीस संगीत नाटक येतें तें बहुधा यशाचा शिक्का घेऊनच. येथील रसिकानें टाळी द्यावी, मत देऊं नये!

अमेरिकेंतील वहिवाट निराळी. न्यूयॉर्कचें ब्रॉडवे हें तेथील धंदेवाईक रंगभूमीचें पीठ खरें; पण तेथें जाण्यापूर्वीं नवें संगीत नाटक दुसऱ्या शहरांत लावून पाहण्याची रीत जुनी आहे. बोस्टनचें १९०० सालीं उघडलेलें कलोनियल नाट्यगृह या कामीं नांवाजलेलें. १९४३ च्या मार्चमध्यें रॉजर्स व हॅमरस्टाइन यांचें एक नाटक न्यू हेवन येथें ‘अवे वुई गो!’ या नांवानें लागलें. तेथून तें बोस्टनला गेलें. वाटेंत काटछाट झाली, नांव बदललें आणि ३१ मार्च रोजीं ‘ओक्लाहोमा!’ म्हणून तें ब्रॉडवेवर उभें राहिलें.

ही रीत आम्हांस अगदींच परकी आहे काय? ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ लावलें तें सात अंकांचें नव्हे; पहिले चारच अंक त्या दिवशीं झाले. १८८२ सालीं ‘सौभद्रा’चे प्रथम तीनच अंक झाले, पांच अंकी नाटक पुढल्या वर्षीं रंगलें. १८८४ सालीं ‘रामराज्यवियोगा’चेही तीनच अंक रंगभूमीवर आले, आणि १८८५ सालीं कवीच्या निधनानें तें कायमचें अपुरें राहिलें. हें बुद्ध्या केलें कीं घाईनें झालें, हा वाद गौण होय. अर्धें नाटक लोकांपुढें ठेवून उरलेलें पुरें करण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं होतें, हें मुख्य.

आणि त्याचें फळ दिसतें. ‘शाकुंतलां’त कालिदासाचा आधार मोठा; पदांची रेलचेल इतकी कीं कथा कोठें कोठें त्यांखालीं दबते. ‘सौभद्रां’त मात्र पद हें पात्राच्या बोलण्यांतूनच उमलतें, रुसवा, आर्जव, थट्टा हीं गाण्यांतच घडतात. नटांचे गळे आणि श्रोत्यांचे कान हे दोन्ही ओळखून लिहिणाऱ्याचीच ही लेखणी, असें आमचें मत आहे.

परंतु प्रेक्षकाची स्तुति करितांना त्याचा दोषही सांगितला पाहिजे. ‘वन्स मोअर’च्या गजरानें पुढें संगीत नाटकाची रात्र लांबली आणि संवाद हा दोन पदांमधला पूल होऊन बसला. ज्या प्रेक्षकानें ही कला वाढविली त्यानेंच ती फुगविली. कारण उघड आहे: कीर्ति ऐकून आलेला श्रोता परीक्षा करीत नाहीं, वसुली करितो. म्हणून नव्या नाटकास असा प्रेक्षक हवा कीं ज्याच्या कानीं त्याची कीर्ति अद्याप गेलेली नाहीं.

तो परभणीस कां मिळूं नये? राज्य नाट्यस्पर्धेच्या परभणी केंद्रावर हौशी मंडळींचे प्रयोग मन लावून पाहणारा प्रेक्षक येथें आहेच. एखाद्या संगीत नाटककारानें आपले पहिले दोन-तीन अंक घेऊन येथें यावें, आणि तिसऱ्या पदाला सभागृहांत खोकला सुरू झाला तर तें पद निमूटपणें गाळावें. अशा खोकल्याचें मोल छापील अभिप्रायाहून कमी नाहीं. आणि तो ऐकण्याची तयारी नसेल, तर पुण्या-मुंबईची टाळीही त्या नाटकास फार दिवस तारणार नाहीं.