चित्रात बुद्ध, शीर्षकात ‘हिंदू’

थॉमस डॅनिएल याने 1803 साली वेरूळच्या लेण्यांवरील 24 चित्रांचा ग्रंथ लंडन येथे प्रसिद्ध केला. जेम्स वेल्स याच्या रेखाटनांवरून ती चित्रे सिद्ध झाली होती. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड बसवून आम्लाने कोरण्याच्या पद्धतीमुळे लेण्यांतील अंधार-उजेडाच्या छटा कागदावर उतरल्या. कलादृष्ट्या ग्रंथ श्रेष्ठच आहे. परंतु त्याच्या शीर्षकाने वेरूळची सर्व लेणी ‘हिंदू’ ठरविली. त्या काळी इंग्रज हा शब्द ‘एतद्देशीय’ या अर्थानेही वापरीत, हे मान्य केले तरी त्याचा परिणाम टळत नाही.

दहावे लेणे हे चैत्यगृह आहे. स्तूपासमोर धम्मोपदेश करणारे तथागत तेथे आसनस्थ आहेत. दगडी छत लाकडी वाशांप्रमाणे कोरलेले असल्याने लोक त्यास ‘सुतार झोपडी’ म्हणू लागले आणि बुद्धमूर्तीस विश्वकर्मा मानू लागले. डॅनिएलच्या ग्रंथाने हेच प्रचलित नाव छापले. त्यामुळे चित्रात बौद्ध वास्तू जतन झाली, पण तिची ओळख झाकली गेली.

जेम्स फर्ग्युसनचा शिळाछाप चित्रांचा ग्रंथ 1845 चा. त्याने बौद्ध, ब्राह्मणी व जैन लेण्यांचे वर्गीकरण केले. येथे चित्र हे केवळ रम्य दृश्य न राहता पुरावा झाले. पुढे रॉबर्ट गिलने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या केलेल्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. त्यांपैकी काहींची रूपे श्रीमती स्पायर यांच्या 1856 च्या ग्रंथातील काष्ठमुद्रांमुळे उरली. छापील प्रतीचे मोल यावरून कळते.

तथापि हे महागडे इंग्रजी ग्रंथ लेण्यांच्या परिसरातील बहुजनांसाठी नव्हते. ज्यांना अक्षरापासूनच दूर ठेवले होते, त्यांच्यापर्यंत ही चित्रे पोहोचणार कशी? मराठी वाचकासाठी कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे बुद्धचरित्र 1898 साली आले. 1907 मध्ये त्यांनी ते तरुण भीमरावांच्या हाती दिले.

गंगापूरच्या वाचकास वेरूळ आपल्याच जिल्ह्यातले आहे. त्याने ही जुनी चित्रे टाकून देऊ नयेत. चित्राखालील नाव क्षणभर झाकून स्तूप, आसन व मुद्रा पाहाव्यात आणि मग त्या नावाची चिकित्सा करावी. लेण्यांवरील मराठी पुस्तके लिहिणाऱ्यांनीही दहाव्या लेण्याच्या चित्राखाली ‘विश्वकर्मा’ एवढेच न छापता ‘बौद्ध चैत्यगृह’ असे प्रथम छापावे.