अस्थींना प्राण देण्याचे नियम : वेताळकथा आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’

मृत प्राण्याचा सांगाडा चालता करण्याचे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ मध्ये अमेरिकेत प्रथम प्रकाशित झालेल्या भूमिका-खेळात तपशीलवार आढळतात. प्रस्तुत लेखात त्याच्या ३.५ आवृत्तीचा (२००३) विचार केला आहे. कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त असलेल्या आणि ‘वेताळपंचविशी’च्या रूपाने मराठीत रुळलेल्या वेताळकथांपैकी एकीत चार ब्राह्मण बंधू हेच करतात.

खेळातील मांत्रिकास बहुतांशी अखंड सांगाडा लागतो. प्राण्याच्या सामर्थ्यदर्शक प्रत्येक फाशामागे किमान २५ सुवर्णनाण्यांचा काळा ओनिक्स खडा त्याच्या मुखात वा नेत्रखोबणीत ठेवावा लागतो. उठलेल्या सांगाड्याची बुद्धी लोपते. बळ तेवढेच राहते, चपळता वाढते, नखे-दातही टिकतात. मांत्रिकाच्या पातळीच्या चौपट फाशांइतकेच सांगाडे त्याच्या आज्ञेत राहतात. या हिशेबाचा नेटकेपणा यंत्रमागांच्या भिवंडीत अध्यापन करणाऱ्यास चटकन ओळखू येतो : इतक्या मागांमागे एक माणूस.

कथेत मूल्य नाही, मर्यादा नाही. अरण्यात सापडलेले हाड कोणत्या प्राण्याचे, हेही बंधूंना ठाऊक नसते. एक मांस देतो, दुसरा त्वचा व केस, तिसरा अवयव, चौथा प्राण. उठलेला सिंह चौघांनाही मारतो. वेताळ विचारतो, पाप कोणाचे? राजा उत्तरतो, चौथ्याचे. पहिल्या तिघांना प्राणी ओळखता आला नव्हता, चौथ्याने सिंहाचा आकार डोळ्यांनी पाहून केवळ विद्येच्या प्रदर्शनासाठी प्राण घातला.

हा निवाडा अत्यंत सूक्ष्म आहे, कारण तो कृती व ज्ञान यांना एकत्र तोलतो. खेळ त्या मंत्रास ‘दुष्ट’ असे लेबल लावून मोकळा होतो. विद्येचा दोष आरंभीच ठरला की विद्यावंताने काय पाहिले, हा प्रश्न उरत नाही. शिवाय बुद्धी काढून घेतल्यामुळे सिंहाची भूकही हिशेबातून वजा होते.

तथापि त्याच नियमांत एक फट आहे. मर्यादा ओलांडल्यास आधीचे काही सांगाडे आज्ञेबाहेर जातात, आणि कोणते सोडावयाचे ते मांत्रिक स्वतः निवडतो. ही निवड तो पाहून, जाणून करतो. नियम तेथे केवळ गणित सांगतो. वेताळाने नेमका तेथेच प्रश्न विचारला असता.