उंचीची दोन कारणे

जेजुरीच्या गडाकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या कडेने ज्या उभ्या आहेत त्या दीपमाळा. मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यापलीकडच्या खडकांवर जो उभा आहे तो दीपस्तंभ. हा फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. दोन्ही बांधकामे दगडाची, दोन्ही वर निमुळती होत गेलेली, दोन्हींचे काम अंधार पडल्यावर उंचावरून उजेड दाखवण्याचे. तरी नावांची अदलाबदल करून पाहिली की कान लगेच हरकत घेतो. समुद्रातल्या खडकावर दीपमाळ असे म्हणवत नाही. मग गोव्यात मंगेशीला जावे, तर देवळापुढच्या सात मजली, पांढऱ्याशुभ्र वास्तूला सगळे सहजपणे दीपस्तंभ म्हणतात. तिथे जहाज नाही, खडक नाही, समोर शंकराचे देऊळ आहे. शब्द घाटाखाली उतरताना चुकला की तिथे त्याला वेगळे काही दिसले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी दीपमाळ. शाळेत समास सोडवायचो त्या पद्धतीने सोडवला तर 'दीपांची माळ', एवढेच. या विग्रहात दगड कुठेच नाही. काळ्या पाषाणाचा घडीव चौथरा, त्यावर गोल किंवा अष्टकोनी उभार, त्यातून बाहेर आलेले दगडी हात, टोकाशी एखादी छोटी उतरंड; एवढे सगळे डोळ्यांपुढे उभे असताना भाषेने त्यातले काहीही नावात घेतले नाही. तिने घेतले ते फक्त दिवे. आणि दिवे तर तिथे वर्षातल्या थोड्याच संध्याकाळी असतात. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला, शंकराने त्रिपुरासुराला मारले म्हणून, दीपमाळेवर त्रिपूर पाजळतात. कुठे नवरात्रात, कुठे यात्रेला ती उजळते. उरलेल्या दिवसांत ती निव्वळ दगड असते. पावसाने शेवाळलेली, पारव्यांनी भरलेली, एखाद्या हातावर पिंपळाचे रोप रुजलेली. तरीही भर उन्हात तिच्याकडे बोट दाखवून आपण 'ती बघ दीपमाळ' म्हणतो. वर्षभर दिसणाऱ्या रूपावरून नव्हे, वर्षातून एखाद्या रात्री येणाऱ्या पूर्ण रूपावरून वस्तूला नाव देणे, ही मला भाषेतली फार मोठ्या मनाची गोष्ट वाटते. बोलणाऱ्याने ती रात्र मनात धरलेली असते.

माळ हा शब्दही साधा नाही. संस्कृतातली 'माला' मराठीत येताना शेवटचा स्वर सोडून, ल चा ळ करून घरची झाली. 'दीप' मात्र तसाच राहिला. 'दिवेमाळ' असे कुणी केले नाही. म्हणजे या शब्दाचा अर्धा भाग देव्हाऱ्यातला आणि अर्धा अंगणातला आहे. आणि माळ म्हटले की मराठी मनात काय काय ओवले जाते! वारकऱ्याने घातलेली तुळशीची माळ. घटावर रोज एक चढणारी फुलांची माळ, जिच्यावरून नवरात्राचे दिवसच मोजले जातात: आज तिसरी माळ, उद्या चौथी. नवरात्राच्या अशा माळा मोजणाऱ्या बाईला देवळापुढचा दगड माळच वाटला, तर त्यात नवल नाही. 'दिवाळी' या शब्दातही हेच आहे. 'दीप' आणि 'आवली', दिव्यांची ओळ. एकीने सणाला नाव दिले, दुसरीने दगडाला. शिवाय आपल्याकडे 'ती माळ' आहे तसा 'तो माळ'ही आहे, उघडा, वाऱ्याचा, गावाबाहेरचा. देशावरच्या कितीतरी खंडोबांच्या आणि भवान्यांच्या दीपमाळा अशाच माळावर उभ्या आहेत. हा योगायोग निव्वळ उच्चाराचा. पण असल्या योगायोगांनीच भाषा मायेची होते.

माळेत मणी अनेक हवेत आणि ते कुणीतरी ओवावे लागतात. दीपमाळेचे हात म्हणजे त्या ओवण्याची जागा. उभाराभोवती एकावर एक वळसे घेत ते बाहेर येतात, आणि दिवे लावणारा त्यांनाच पायऱ्या करून वर चढतो. एक पाय खालच्या हातावर, एक वरच्या, कमरेला तेलाचे भांडे. पोटातून जिना काढलेल्या दीपमाळाही आहेत, पण हातांवरून चढण्याचा प्रकार मला अधिक भावतो: ज्या दगडाने दिवा पेलायचा त्यानेच आधी दिवा लावणाऱ्याला पेलायचे. या दीपमाळा पुष्कळदा नवसाच्या असतात. कुणी मूल झाले म्हणून बांधतो, कुणी मोहिमेवरून सुखरूप परतला म्हणून. चौथऱ्यावर बांधणाऱ्याचे नाव, गाव, कधी शक कोरलेला असतो. नाव एकाचे, पण रात्री तिच्यावर ठेवलेल्या पणत्या मात्र साऱ्या गावाच्या.

आता दीपस्तंभ. इथे विग्रह वेगळा करावा लागतो: दीपासाठी स्तंभ. दिवा आहे, पण तो निमित्तापुरता; नावाचा भार स्तंभावर पडला आहे. शब्द पुरता संस्कृत आहे, त्याला मराठीने कुठेही मऊ केलेले नाही. घरात असतो तो खांब, चौकात असतो तो स्तंभ, विजयस्तंभ, कीर्तिस्तंभ. 'स्तंभित' होतो तो जागच्या जागी थिजतो, कारण या धातूतच रोखण्याचा, ताठ करण्याचा अर्थ आहे. दीपमाळ स्त्रीलिंगी, दीपस्तंभ पुल्लिंगी, हे तर उघडच आहे. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अनेकवचनाची. एक दीपमाळ, दोन दीपमाळा. एक दीपस्तंभ, दहा दीपस्तंभ. व्याकरणाचा नियम साधाच आहे, अकारान्त पुल्लिंगी नाम बदलत नाही. पण मला त्या न बदलण्यात या वास्तूचा स्वभाव दिसतो. दीपस्तंभ कितीही असोत, प्रत्येक जण एकटाच असतो.

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी बेट आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी ते बांधून काढायला घेतले तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती. त्याच किल्ल्यात 1867 साली इंग्रजांनी दीपस्तंभ उभारला. बेटाला आज कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. तिथला अष्टकोनी मनोरा एका घराच्या डोक्यावर उभा आहे, त्यामुळे कोकणात रूढ असलेला 'दीपगृह' हा तिसरा शब्द तिथे अगदी अक्षरशः खरा ठरतो. त्याच बेटावर कोळ्यांचा वेताळ आहे. म्हणजे दर्यावर जाणाऱ्याला राखणारे तिथे दोघे जण आहेत. कुलाब्यापलीकडचा प्राँग्स दीपस्तंभ 1875 चा, सुमारे चाळीस मीटर उंचीचा. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांना त्या बुडालेल्या खडकांची धास्ती होती, म्हणून तो बांधला.

आणि इथे मी ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहायला घेतले तो येतो. दीपमाळ उंच का असते आणि दीपस्तंभ उंच का असतो, याची कारणे वेगळी आहेत.

दीपस्तंभ उंच असतो तो पृथ्वी गोल आहे म्हणून. पाण्याच्या पातळीवर ठेवलेला दिवा कितीही प्रखर केला तरी काही कोसांवर तो समुद्राच्या फुगवट्याआड जातो. चाळीस मीटरवर चढवला तर त्याची क्षितिजरेषा बावीस-तेवीस किलोमीटरपर्यंत सरकते, आणि पाहणारा स्वतः जहाजाच्या उंच डेकवर असेल तर आणखी लांब. उंचीचा प्रत्येक हात म्हणजे दूरवरच्या एखाद्या खलाशाला थोडा आधी मिळालेला इशारा. दिवा त्यात एकच पुरतो. मात्र तो वाया जाता कामा नये. फ्रेंच अभियंता फ्रेनेल याने कड्यांकड्यांच्या काचा रचून एका ज्योतीचा उजेड आडव्या पट्ट्यात गोळा करण्याची युक्ती काढली, आणि 1823 मध्ये फ्रान्समधल्या कॉर्दुआनच्या दीपस्तंभावर ती पहिल्यांदा वापरली गेली. त्यानंतर जगभरचे दीपस्तंभ याच वाटेने गेले. वर सांडणारा आणि खाली सांडणारा उजेड वळवून क्षितिजाकडे पाठवायचा. त्यामुळे पायथ्याशी जवळजवळ काही उरत नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. दीपस्तंभाच्या बाबतीत तो त्याचा धर्म आहे. त्याचा उजेड त्याच्याजवळच्या माणसांसाठी नसतोच.

दीपमाळ उंच असते ती दिवे जास्त मावावेत म्हणून. एक वळसा वाढला की आणखी तितक्या पणत्या. तिला क्षितिजाशी देणेघेणे नाही. पणतीचा उजेड जाऊन जाऊन किती जाणार! तो वरच्या हाताच्या दगडावर पडतो, चढणाऱ्याच्या तोंडावर पडतो, खाली मान वर करून उभ्या असलेल्या पोरांच्या डोळ्यांत पडतो. तिच्या तळाशी सर्वांत जास्त उजेड असतो आणि सर्वांत जास्त माणसेही. तिथे एक वात विझली तर कुणाचे काही बुडत नाही, शेजारची पणती असते. दीपस्तंभावरचा एकुलता दिवा विझला तर एखादे जहाज खडकावर जाऊ शकते. एका उंचीत संख्या आहे, दुसऱ्या उंचीत अंतर आहे, आणि मराठीने हे नेमके पकडले: जिथे संख्या महत्त्वाची तिथे 'माळ', जिथे उंचीवाचून काम अडते तिथे 'स्तंभ'.

सांगण्याची रीतही निराळी. दीपमाळ 'या' म्हणते. दीपस्तंभ बहुधा उलटेच सांगत असतो, इथे खडक आहे, लांबून जा. खरे तर तो तेही सांगत नाही. प्रत्येक दीपस्तंभाच्या उघडझापीची लय ठरलेली असते, शेजारच्याहून वेगळी. खलाशी अंधारात ती मोजतो, नकाशाशी ताडतो आणि आपण कुठे आहोत हे ओळखतो. पुढे कुठे वळायचे ते त्याचे त्याने ठरवायचे. म्हणून शोकसभांत आणि गौरवग्रंथांत जेव्हा कुणाला 'दीपस्तंभासारखे मार्गदर्शक' म्हटले जाते तेव्हा मला त्या उपमेत अधिक काही दडलेले दिसते. दीपस्तंभ कुणाचा हात धरून नेत नाही. तो फक्त आपल्या जागेवरून हलत नाही, आणि त्यामुळे दुसऱ्याला आपली जागा कळते. अशी माणसे थोडी असतात आणि त्यांच्याजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला पुष्कळदा अंधार येतो, हेही त्या उपमेत धरायला हवे.

कुणाला 'दीपमाळ' म्हटल्याचे मात्र ऐकू येत नाही. व्यक्तीला ती उपमा बसतच नाही, कारण दीपमाळेचा स्वतःचा असा दिवाच नसतो. तिच्याकडे फक्त हात असतात. गावातले जुने ग्रंथालय, एखादी शाळा, तालीम, भजनी मंडळ यांना ती शोभेल.

आता गोव्याकडे वळतो. मंगेशीची किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेची ती वास्तू दिवसा पाहावी. अष्टकोनी मजल्यांवर मजले, प्रत्येकाला कमानींचे कोनाडे, चुन्याचा पांढरा गिलावा, मजल्यामजल्याला उठून दिसणारे कंगोरे. चर्चच्या घंटाघरांनी भरलेल्या मुलखात घडलेली ही शैली आहे आणि ती तिच्या अंगावर दिसते. दिवा नसतानाही ती वास्तू अपुरी वाटत नाही. देशावरची दीपमाळ दिव्यांवाचून हात पसरून उभी असते. गोव्यातली वास्तू भर दुपारीही राजस आणि पूर्ण दिसते. दिवे तिथे कोनाड्यांच्या आत बसतात, बाहेर पसरलेल्या हातांवर नाही. पाहणाऱ्याच्या मनात प्रथम उंच, घडीव स्तंभ भरतो आणि मग उजेड. मला वाटते म्हणूनच तिथे 'स्तंभ' शब्द जिंकला. समुद्रावरच्या दिव्याला गोव्यात पोर्तुगिजांबरोबर आलेला 'फारोल' होता. आग्वादच्या किल्ल्यावर त्यांनी 1864 मध्ये बांधलेला तो जुना मनोरा अजून उभा आहे. दीपस्तंभ हा शब्द देवळाच्या अंगणासाठी मोकळा राहिला असावा, असा माझा तर्क. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळापुढे तर या दोन्हींच्या मधले एक रूप आहे: कूर्माच्या पाठीवर उभी राहिलेली प्रचंड पितळी समई, वर्तुळावर वर्तुळ रचत गेलेली. तिला स्तंभ म्हणावे इतकी ती ताठ आहे आणि माळ म्हणावे इतक्या तिच्या वाती आहेत.

गोव्यात दीपस्तंभ शब्द असा जागेवरून उगवला. घाटावर मात्र तो अलीकडे वरून येऊन बसतो आहे. देवस्थानांच्या पत्रकांत, बातम्यांत, जीर्णोद्धाराच्या फलकांवर 'मंदिरासमोरील भव्य दीपस्तंभ' असे वाचायला मिळते, आणि ते दीपमाळेबद्दल असते. संस्कृत शब्द भारदस्त वाटतो हे एक कारण. दुसरे मला जास्त लागते: पुष्कळ ठिकाणी आता दीपमाळेवर कुणी चढत नाही. विजेच्या दिव्यांच्या सरी वरून खाली गुंडाळतात, खटका दाबला की झाले. दगडी हात त्या सरींखाली रिकामे राहतात. पणत्या गेल्या की डोळ्यांना नुसता स्तंभ दिसणार, आणि मग जीभही स्तंभच म्हणणार. शब्द बदलण्याआधी कृती बदललेली असते.

जिथे अजून त्रिपुरी पौर्णिमेला पोरे हातांवरून वर चढतात आणि बाया खालून पणत्या वर देतात, तिथल्या विश्वस्तांनी तरी नवा फलक रंगवताना जुनाच शब्द लिहावा. चौथऱ्यावर तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा नवसकऱ्याचे नाव कोरलेले असेल, तर त्या नावाने बांधली होती ती दीपमाळच होती.