वगाला वेळ नाही, कलावंताला आधार नाही

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. गावोगावचे पंच आणि यात्रा कमिटीचे कारभारी इथे येतात, फलक बघत हिंडतात, मग एखाद्या राहुटीत बैठक बसते. यात्रेची तारीख सांगितली की सुपारीचा आकडा निघतो. चैत्र पौर्णिमा किंवा कालाष्टमीसारखी तारीख असेल तर तो चढतो, आडदिवसाला उतरतो. या बैठकीत एके काळी वग कोणता, सोंगाड्या कोण, याची चौकशी व्हायची. आता पहिला प्रश्न असतो तो नाचणाऱ्या मुली किती आणि गाणी कोणती.

तमाशाच्या आजच्या अवस्थेवर बोलताना आपण बहुधा प्रेक्षकाच्या अभिरुचीला दोष देतो. सिनेमा आला, मोबाइल आला, लोकांची आवड घसरली, असे म्हणून विषय संपवतो. मला हे निदान अपुरे वाटते. तमाशाचा घाट बदलला तो मुख्यतः कलावंतांच्या कामाच्या अटी बदलल्यामुळे किंवा कधीच न बदलल्यामुळे. कलेची चिकित्सा करायची तर आधी फडाचे अर्थकारण आणि कलावंताचा दिवस बघावा लागतो.

पहिली अट वेळेची. ढोलकी फडाच्या तमाशाचा क्रम ठरलेला आहे. गण, गवळण, बतावणी, मग रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी वग. वग म्हणजे दोन-तीन तासांचे नाटकच. पूर्वी तो उत्तररात्री रंगात यायचा आणि तांबडे फुटेपर्यंत चालायचा. कवलापूरच्या काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ किंवा दादू इंदुरीकरांनी गाजवलेले ‘गाढवाचं लग्न’ लोकांनी असेच बघितले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी आणली. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. नियमामागचा हेतू योग्यच आहे. पण गावच्या यात्रेत देवाचा छबिना निघून परत येईपर्यंतच नऊ-दहा वाजतात. उरलेल्या थोडक्या वेळात काय दाखवायचे? क्रमाने शेवटी येणारा वग कापला जातो.

वग गेला की त्याच्यासोबत बरेच काही जाते. हातात संहिता नसताना राजा, प्रधान, हवालदार उभे करणारा नट जातो. समोरच्या गर्दीतला एखादा शेरा उचलून त्यावर तिथल्या तिथे टाळी घेणारा सोंगाड्या जातो. नवा वग लिहिण्याचे कारणच उरत नाही. मग तरुण कलावंत शिकणार काय? त्याला गाण्यावर नाचायला सांगतात आणि गाणेही बहुतेक वेळा सिनेमातले असते. ढोलकी, हलगी, तुणतुणे यांच्या जोडीला की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, यात मला वावगे वाटत नाही; तमाशाने प्रत्येक काळातले नवे आपलेसे केले आहे. अडचण ही की शिकण्याची जागाच आक्रसली आहे. नट घडायला रात्रीमागून रात्री लागतात, आणि त्या रात्रीच आता त्याच्या हातात नाहीत.

दुसरी अट पैशाची. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. हंगामाआधी कलावंत मालकाकडून उचल घेतो. पावसाळ्यात घर त्याच पैशावर चालते, आजारपण आणि लग्नही त्यातच भागते. पुढे ती पगारातून कापली जाते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच फडात राहावे लागते; दुसरीकडे जायचे तर नव्या मालकाने आधीची उचल भरावी लागते. मालकही सुखात नसतो. ट्रक, तंबू, जनरेटर, डिझेल आणि शंभराच्या आसपास माणसांची पोटे सांभाळायची म्हणून तो सावकाराकडून कर्ज काढतो. एक अवकाळी पाऊस, एक निवडणूक आचारसंहिता, आणि सगळी साखळी तुटते. २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन चैत्र करोनामुळे यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा पूर्ण वर्षाची कमाई ज्या महिना-दीड महिन्यात होते तोच नेमका हातचा गेला.

फडातल्या बाईचा दिवस कसा असतो ते बघा. खेळ मध्यरात्री संपतो. तोंडाचा रंग उतरवून जेमतेम पाठ टेकते, तोवर सकाळच्या हजेरीची वेळ होते. यात्रेच्या गावी हजेरीचा खेळ द्यावाच लागतो. गावचे मानकरी तेव्हा समोर बसलेले असतात. पुन्हा नऊवारी, पुन्हा घुंगरू. मग सामान ट्रकवर चढते आणि गाडी पुढच्या गावाला निघते. झोप गाडीत. तिथे पोचल्यावर तीन दगडांची चूल, पाण्यासाठी कुणाच्या तरी विहिरीवर विनवणी आणि कपडे बदलायला आडोसा म्हणून एक कनात. शौचालयाची सोय क्वचितच असते. तापाने फणफणली तरी सुपारी मोडता येत नाही.

शरीराचे हे हाल दिसतात तरी. मनावर काय गुजरते ते दिसत नाही. रात्री ज्या गावाने शिट्ट्या मारल्या, फेटे उडवले, तेच गाव सकाळी तिला ओसरीवर बसू देताना कचरते. मुलीचे स्थळ बघताना आईचे काम लपवावे लागते. नाच्याचे काम करणाऱ्या पुरुषाला घरीदारी टोमणे ऐकावे लागतात. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ने ही घुसमट कादंबरीत आणली आणि २०१० साली सिनेमाने ती घराघरात नेली. संगीत बारीतल्या स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी. चौफुला, मोडनिंब इथल्या कला केंद्रांत बैठकीची लावणी आणि अदाकारी आजही ऐकायला-बघायला मिळते. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या परंपरेचा गौरव झाला. पण त्याच परंपरेतल्या आईचे आणि मुलाचे जगणे डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये मांडले, तेव्हा मध्यमवर्गीय वाचक हादरला. लावणी सगळ्यांना हवी असते, लावणी करणारीला घरात घ्यायला कोणी तयार नसते.

विठाबाई नारायणगावकरांची एक हकीकत महाराष्ट्र वर्षानुवर्षे सांगत आला आहे. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण ती कलानिष्ठेची कथा म्हणून सांगतो. मला ती ऐकताना प्रश्न पडतो, नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावे का लागले? तिच्या जागी उभे राहायला कोणी का नव्हते? तिच्या सोसण्याला आपण टाळ्या वाजवल्या आणि त्या सोसण्याची कारणे तशीच ठेवली. राष्ट्रपती पदक मिळवलेल्या या कलावतीच्या अखेरच्या आजारपणातले दवाखान्याचे बिल देणग्यांतून भागवावे लागले. २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकारने २००६ पासून सुरू केला. शाहीर पठ्ठे बापूरावही १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेतच गेले होते. दोघांमध्ये अर्धे शतक गेले, शेवट तोच राहिला.

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. वृद्ध कलावंतांचे मानधन २०२४ मध्ये वाढून दरमहा ५००० रुपये झाले. पण हा आधार वयाची पन्नाशी उलटल्यावरचा आहे. नाचणारीची मागणी पस्तिशीनंतरच घटू लागते आणि मधल्या वर्षांत तिच्यासाठी काहीही नाही. ऊसतोड मजूरही उचल घेऊनच हंगामाला निघतो. त्याच्यासाठी राज्यात कल्याणकारी महामंडळ आहे, त्याच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. फडातली मुले सात-आठ महिने गावोगाव फिरतात किंवा आजीकडे राहतात. त्यांचा विचार त्याच तोडीने व्हायला हवा.

तमाशा अजून मेलेला नाही. भाऊ-बापू नारायणगावकरांच्या घराण्यात विठाबाईंनंतर मंगला बनसोडे उभ्या राहिल्या, कांताबाई सातारकरांचा फड रघुवीर खेडकरांनी पुढे नेला. पण एखादी कला केवळ घराण्यांच्या जिद्दीवर किती दिवस चालणार? बाहेरचा हुशार मुलगा किंवा मुलगी या व्यवसायात यावी असे वाटत असेल तर काही गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. तमाशा कलावंतांसाठी स्वतंत्र कल्याण मंडळ काढावे, उचलीचा लेखी करार व्हावा, हंगामी विमा आणि बाळंतपणाची रजा मिळावी, सवलतीच्या पंधरा दिवसांत चैत्रातल्या यात्रा आधी धराव्यात. यात्रा कमिट्यांनी सुपारी ठरवतानाच मुक्कामाची खोली, पाणी आणि शौचालय कबूल करावे आणि छबिना लवकर काढून वगाला दोन तास राखून ठेवावेत. यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी सरकारच्या आदेशाचीही गरज नाही. येत्या चैत्रात आपल्या गावच्या पंचांना एवढे सांगा.