आंतरसांस्कृतिक मानसशास्त्रातील नमुना निवडीच्या मर्यादा : हॉफस्टेड यांच्या अभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना :

मानवी वर्तनावर संस्कृतीचा प्रभाव कसा पडतो, याचा शोध घेणे हे आंतरसांस्कृतिक मानसशास्त्राचे प्रमुख प्रयोजन होय. अशा संशोधनातील निष्कर्ष मापनीइतकेच नमुन्यावर अवलंबून असतात. जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा नियतकालिकांतील २००३ ते २००७ या काळातील संशोधनाची पाहणी केली. त्यांपैकी ६८ टक्के नमुने अमेरिकेतील, तर एकूण ९६ टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील असल्याचे त्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. यावर अधिक देशांचा समावेश करणे हा उपाय सहज सुचतो. मात्र केवळ देशांची संख्या वाढल्याने हा प्रश्न सुटतो काय? या संदर्भात गीर्ट हॉफस्टेड यांचा अभ्यास विचारात घेणे उचित ठरते. कारण त्यात देशांची उणीव नव्हती.

नमुन्याचे स्वरूप :

हॉफस्टेड यांनी आयबीएम या कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात दोन फेऱ्यांत भरून घेतलेल्या सुमारे १,१६,००० प्रश्नावलींचा आधार घेतला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस' या ग्रंथात त्यांनी ४० देशांची तुलना मांडली. भारताला सत्ता-अंतर या परिमाणावर ७७, तर व्यक्तिवादावर ४८ गुणांक मिळाला. पुढे हे गुणांक व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सर्वदूर पोहोचले.

ब्रेंडन मॅक्स्वीनी यांनी २००२ मध्ये या अभ्यासावर मूलभूत आक्षेप घेतले. दोन्ही फेऱ्यांत एक हजाराहून अधिक प्रतिसादक असलेले देश केवळ सहा होते. पाकिस्तानातील प्रतिसादक तर पहिल्या फेरीत ३७ आणि दुसऱ्या फेरीत ७० इतकेच होते. एकूण संख्येच्या भव्यतेमुळे ही विषमता झाकली जाते.

जुळवलेल्या नमुन्याचा युक्तिवाद :

हॉफस्टेड यांचे उत्तरही दुर्लक्षून चालणार नाही. आपला नमुना प्रातिनिधिक आहे, असा त्यांचा दावा नव्हता. कंपनी व कामाचे स्वरूप समान असल्याने उरणारा फरक राष्ट्रीयत्वाचा मानता येतो आणि एकजिनसी नमुना लहान असला तरी पुरेसा ठरतो, अशी त्यांची भूमिका होती. तसेच हे गुणांक देशांच्या तुलनेसाठी आहेत, व्यक्तींना लावण्यासाठी नाहीत, असेही त्यांनी बजावले होते.

तथापि या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे. कामाचे स्वरूप समान असले म्हणजे समाजातील स्थान समान असते, असे त्यात मानले आहे. १९७० च्या सुमारास संगणक कंपनीतील नोकरी अमेरिकेत मध्यमवर्गीयांच्या अनेक नोकऱ्यांपैकी एक होती. भारतात वा पाकिस्तानात मात्र तीच नोकरी उच्चशिक्षित, इंग्रजी जाणणाऱ्या व नागरी अशा अत्यल्प वर्गाच्याच आवाक्यात होती. म्हणजेच एका देशातील मधला थर आणि दुसऱ्या देशातील वरचा थर यांची तुलना झाली. त्यातून हाती येणाऱ्या फरकात संस्कृतीचा वाटा किती आणि सामाजिक स्तराचा किती, हे वेगळे करता येत नाही. ३७ प्रतिसादकांच्या जागी ३,७०० असते तरी ही अडचण कायम राहिली असती. हा दोष संख्येचा नसून निवडीचा आहे.

भारतीय संदर्भ :

हाच दोष महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या नमुन्यातही संभवतो. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार १८ ते २३ वयोगटासाठी स्थूल नोंदणी गुणोत्तर २८.४ इतके होते. म्हणजे या वयाचे बहुसंख्य तरुण महाविद्यालयाबाहेरच राहतात. अशा स्थितीत एका शहरातील दोन महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांवरून 'भारतीय युवकां'विषयी केलेले विधान नमुन्याच्या मर्यादेपलीकडे जाते.

याउलट जोन मिलर यांचा १९८४ चा अभ्यास अनुकरणीय वाटतो. दुसऱ्याच्या वर्तनाचे स्पष्टीकरण लोक स्वभावाच्या आधारे देतात की परिस्थितीच्या, हे त्यांनी शिकागो व म्हैसूर येथे तपासले. मात्र म्हैसूरमध्ये त्या मध्यमवर्गीय हिंदू गटावर थांबल्या नाहीत. आर्थिक स्तराचा परिणाम तपासण्यासाठी कनिष्ठ मध्यमवर्गीय हिंदू, तर पाश्चात्त्य संस्कारांचा परिणाम तपासण्यासाठी अँग्लो-इंडियन गट त्यांनी घेतला. अँग्लो-इंडियन गटाचे प्रतिसाद अमेरिकन व हिंदू मध्यमवर्गीयांच्या दरम्यानचे आढळले. नमुना लहान व एकाच शहरातील असूनही फरकाचे कारण शोधण्याची सोय या रचनेतच होती.

निष्कर्ष :

सोयीस्कर नमुना वापरणे हा स्वतः दोष नव्हे. साधनसामग्रीच्या अभावी तो बहुधा अटळ असतो. दोष आहे तो त्या नमुन्याला राष्ट्राचे वा संस्कृतीचे नाव देण्यात. म्हणून शोधनिबंधात प्रतिसादकांची संख्या, वय व लिंग यांबरोबरच मातृभाषा, प्रश्नावलीची भाषा, ग्रामीण-नागरी पार्श्वभूमी, सामाजिक प्रवर्ग व पालकांचे शिक्षण यांची नोंद असावी. शक्य तेथे देशांतर्गत तुलना-गट घ्यावा आणि शीर्षक नमुन्याच्या आवाक्याइतकेच ठेवावे. अन्यथा पाश्चात्त्य नमुन्यांच्या एकांगीपणावर आक्षेप घेणारे संशोधन मूठभर नागरी प्रतिसादकांना भारत समजून तीच एकांगिता देशांतर्गत पातळीवर पुन्हा निर्माण करील.